कोंबड्या मोकळ्या, तरी मेथी शिल्लक

परसबागेचा विषय निघाला, वाफे किती आणि बियाणं कोणतं हे बोलून झालं, की कोणीतरी हमखास विचारतं, "ते सगळं ठीक, पण कोंबड्यांचं काय करायचं?" नंदुरबार जिल्ह्यात हा प्रश्न टळत नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर घर म्हटलं की अंगणात पाच-दहा कोंबड्या असतातच. पाहुणा आला, देवाचं काही निघालं, दवाखान्यासाठी पैसे कमी पडले, की त्याच कामी येतात. त्या कोंडून ठेवायच्या तर दाणा विकत आणावा लागतो, आणि देशी कोंबडी वर्षाकाठी पन्नास-साठ अंडी देणार, त्यात तो खर्च भरून निघत नाही. मोकळ्या सोडायच्या तर वाफ्यात टाकलेली मेथी दोन पानांवर येते न येते तोच साफ. 'उमेद' अभियानाने राज्यभर 'माझी पोषण परसबाग' मोहीम राबवली, गावोगाव वाफे आखले गेले. त्या वाफ्यांपुढची पहिली अडचण किडीची नसते, पाण्याची नसते. ती दोन पायांची असते आणि घरचीच असते.

दोन्ही एकत्र नांदू शकतात. त्यासाठी दोन कुंपणं लागतात: एक जागेचं, एक वेळेचं. आपलं सगळं लक्ष पहिल्याकडे असतं. माझ्या मते दुसरं जास्त स्वस्त आणि जास्त उपयोगाचं आहे. पण दोन्हींच्या आधी कोंबडी बागेत शिरून नेमकं करते काय, ते नीट पाहायला हवं.

१. कोंबडी बागेत काय करते?

पाणी दिलेल्या वाफ्यात शिरलेली कोंबडी थोडा वेळ पाहा. ती डाव्या पायाने माती मागे ओढते, उजव्याने ओढते, मग एक पाऊल मागे सरकते आणि मान तिरकी करून उकरलेल्या जागेकडे एका डोळ्याने बघते. काही हललं तर टोच. नाही हललं तर पुन्हा डावा, उजवा, मागे. पोट भरलं तरी हे थांबत नाही. पुढ्यात दाण्याची ताटली ठेवली तरी ती आधी पाय चालवून पाहते.

ही सवय जंगलातली आहे. आपली कोंबडी मुख्यतः तांबड्या रानकोंबड्यापासून आली. झाडाखालचा पालापाचोळा उकरून त्याखालचे किडे, अळ्या आणि बिया खायच्या, हा त्याचा धंदा. पाळीव कोंबड्यांचे पिवळे पाय मात्र राखाडी रानकोंबड्याकडून आले, असं २००८ साली जनुकांच्या अभ्यासातून दिसलं. तो पक्षी भारताबाहेर सापडत नाही, सह्याद्रीच्या जंगलात आजही आरवतो. म्हणजे कोंबडीचं सगळं अंग पाचोळ्याच्या जमिनीसाठी घडलेलं. आपला वाफा तिला त्या जमिनीसारखाच दिसतो, उलट जास्त भुसभुशीत आणि जास्त ओला.

बागेचं नुकसान चार वाटांनी होतं. उकरण्याने मुळं उघडी पडतात आणि आच्छादन इकडेतिकडे उडतं. टोचण्याने कोवळी पानं आणि पिकली फळं जातात. धुळीत लोळण्याने वाफ्याच्या मधोमध टोपलीएवढा खड्डा पडतो. अंगावरच्या उवा-पिसवा झटकण्यासाठी कोंबडी कोरडी, मऊ माती शोधते आणि ती वाफ्याच्या कडेला आयती मिळते. चौथी वाट विष्ठेची, तिच्याकडे पुढे येऊ.

लोक टोचीला घाबरतात. माझा अनुभव असा की वाढलेल्या झाडांची खरी वाट उकरण्याने लागते. वांग्याचं हातभर वाढलेलं झाड कोंबडी खात नाही, पण त्याच्या बुंध्याशी रोज सकाळी पाय चालवून आठवडाभरात ते सुकवते. पानांना छिद्र नाही, कीड नाही, तरी झाड मान टाकतं आणि आपण औषध शोधत बसतो.

२. मिरचीपूड टाकली तर?

हा उपाय सगळीकडे सांगितला जातो: वाफ्याभोवती तिखट भुरभुरा, कोंबडी फिरकणार नाही. नंदुरबारच्या माणसाने तरी यावर विश्वास ठेवू नये. लाल मिरचीच्या हंगामात शहराच्या आसपासच्या पथारींवर जाऊन पाहा. एकरभर जमीन लाल झालेली असते, नवखा माणूस शिंकून आणि खोकून बेजार होतो, कामगार तोंडाला फडकं बांधून मिरची पसरत असतात. त्याच मिरचीचं फुटलेलं बी अंगणात सांडलं, तर कोंबडी ते ज्वारीच्या दाण्यासारखं शांतपणे टिपते.

कारण असं. मिरचीतला तिखट पदार्थ म्हणजे कॅप्सेसिन. आपल्या जिभेवर आणि कातडीत मज्जातंतूंच्या टोकांना काही ग्राही असतात, म्हणजे संदेश पकडणारी दारं. त्यातलं एक दार भाजल्याची जाणीव देतं. गरम चहाने ते उघडतं आणि कॅप्सेसिननेही उघडतं; म्हणून मिरची 'जाळते'. हे दार कोणतं, ते अमेरिकेतल्या डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ साली शोधलं आणि त्या वाटेवरच्या कामासाठी त्यांना २०२१ चं नोबेल मिळालं. याच गटाने २००२ साली कोंबडीचा तोच ग्राही तपासला. उष्णतेने तो उघडतो, कॅप्सेसिनने उघडत नाही. पुड्याच्या पुड्या ओतल्या तरी कोंबडीला तिखट लागणार नाही.

मिरचीच्या झाडालाही हेच परवडतं. उंदरासारखा प्राणी बी चावून टाकतो, त्यातून रोप येत नाही. बरेच पक्षी बी सबंध गिळतात आणि दूरवर टाकतात. चावणाऱ्याला हाकलायचं आणि नेणाऱ्याला बोलवायचं, अशी तिखटाची योजना दिसते. बोलावणं लाल रंगाचं असतं. पक्ष्यांची रंगांची नजर आपल्यापेक्षा तीक्ष्ण असते, त्यामुळे हिरव्यातली लाल मिरची किंवा टोमॅटो त्यांना लांबूनच दिसतो. यातून एवढं घ्या: वाफ्यावर तिखट वाया घालवू नका, आणि टोमॅटोला रंग चढू लागला की तो तोडून घरात पिकवा.

३. जागेचं कुंपण

कुंपण म्हटलं की तारेची जाळी आठवते. परसात पाव गुंठ्याची बाग असेल तर चारही बाजूंनी पाच फूट जाळी लावणं महागात पडतं, आणि हलकी देशी कोंबडी पाच फुटांवरही चढते. ती आधी कुंपणाच्या वरच्या काठावर बसते, तिथून आत उडी मारते. म्हणून कुंपणाच्या माथ्यावर आडवी काठी बांधू नये. वरचं टोक लवचिक आणि टोकेरी राहिलं की तिला बसायला जागा मिळत नाही. बोरीच्या किंवा बाभळीच्या काट्यांचं कुंपण या बाबतीत जाळीपेक्षा सरस, फक्त दर पावसाळ्यानंतर खालची भगदाडं बुजवावी लागतात. पिल्लं तळातूनच शिरतात.

एका बाजूच्या पंखाची मोठी पिसं कापली की कोंबडीचा तोल जातो आणि ती उंच उडत नाही. त्यात दुखत नाही, पिसं झडून नवी आली की पुन्हा कापावी लागतात. पण सातपुड्यात हा उपाय मी सुचवणार नाही. मुंगूस, रानमांजर, गावातली कुत्री यांच्यापासून वाचायला तिच्याकडे झाडावर उडून जाण्याशिवाय दुसरं काही नाही. दोन वाफे मेथी वाचवायला कोंबडी गमावणं हा उलटा व्यवहार झाला.

सगळ्या बागेला कुंपण घालण्याऐवजी झाडागणिक संरक्षण द्या, ते जवळजवळ फुकट पडतं. आपला जिल्हा काळ्या दगडाचा. रोप लावलं की बुंध्याभोवती चार-पाच चपटे दगड एकमेकांना भिडवून ठेवायचे, बुंध्याला बोटभर मोकळं सोडून. कोंबडीला दगड उकरता येत नाही. शिवाय दगडाखालची माती ओली राहते, म्हणजे पाणीही वाचतं. पपई, वांगी, मिरची, कढीपत्ता, सगळ्यांना हे चालतं. केळीची मुळं वरच्यावर पसरतात, तिथे दगडांचं कडं थोडं रुंद घ्या.

बी टाकलेल्या वाफ्यावर दगड चालत नाहीत. तिथे बोरीच्या वाळक्या फांद्या आडव्या पसरायच्या, दाट. पायाला बोचतं म्हणून कोंबडी आत पाय ठेवत नाही, आणि मेथी-कोथिंबीर फांद्यांच्या फटीतून वर येते. कोंबडीजाळीचा जुना तुकडा असेल तर तोही जमिनीवर सपाट अंथरावा. लसूण-कांदा त्याच्या भोकांतून सरळ वर येतो.

आणि डालगं. पिल्लावाली कोंबडी झाकायला बांबूचं मोठं डालगं घरात असतंच. फुटकं, जुनं डालगं चुलीत घालू नका. कोंबडी झाकण्याऐवजी रोप झाका. उन्हाळ्यात त्याच्या फटींतून येणारी सावली दुधी-गिलक्याच्या कोवळ्या वेलाला मानवतेही. वेल डालग्याच्या वर डोकावला की ते उचलून पुढच्या आळ्यावर ठेवायचं.

४. वर चढणारी बाग

पावरा किंवा भिल्ल पाड्यावरचं घर पाहिलं की एक गोष्ट लक्षात येते. कुडाच्या भिंती, कौलांचं किंवा गवताचं छप्पर, आणि पावसाळ्याअखेर त्या छपरावर पसरलेले वेल. दुधी, दोडका, गिलके, वाल, डांगर. पुढे मांडव असेल तर त्यावरही हेच. याला जागेची टंचाई हे कारण नाही. डोंगरात घरं एकमेकांपासून लांब, आपापल्या शेतात असतात. छपराला ऊन मिळतं, वेल सडत नाही, आणि खाली कोंबड्या व शेळ्या फिरत असल्या तरी फळ त्यांच्या तोंडाच्या वर राहतं.

यातला हिशेब सरळ आहे. उभी राहून मान ताणली तर कोंबडी साधारण दीड फुटावरचं टोचते, उडी मारली तर दोन-अडीच फुटांवरचं. त्याच्या वर जे वाढतं ते सुरक्षित. म्हणून परसबागेतल्या भाज्यांची निवडच उंचीनुसार करा. वेलभाज्या मांडवावर. शेवगा बियांपासून लावलात तर महिनोन्‌महिने राखावा लागेल. त्याऐवजी पावसाच्या तोंडाशी मनगटाएवढ्या जाडीचा, पुरुषभर उंचीचा फाटा रोवा. त्याला पालवी फुटते ती कोंबडीच्या डोक्यावरच. तूर एकदा कमरेला लागली की तिला भीती नाही. पपई दोन फूट होईपर्यंत राखायची, पुढे ती स्वतःला सांभाळते, आणि पिकून पडलेली पपई कोंबड्या आवडीने फस्त करतात.

खाली राहतात त्या पालेभाज्या. मेथी, पालक, कोथिंबीर, माठ, कोबी यांवर कोंबडीचा फार जीव. हळद, आलं, गवती चहा, तुळस, लसूण यांची पानं ती सहसा सोडून देते. त्यातही हळद-आल्याची पानं सोडली तरी गड्डे उकरायला ती मागेपुढे पाहत नाही, म्हणून तिथे दगड किंवा काट्या हव्यातच. एरंड, कण्हेर, धोतरा ही विषारी झाडं कुंपणाला असतात. मोकळी कोंबडी त्यांच्या वाटेला फारशी जात नाही, पण कोंडलेल्या उपाशी कोंबड्यांपुढे त्यांचा पाला टाकू नये.

५. वेळेचं कुंपण

कोंबडीला बागेत कधीच येऊ द्यायचं नाही, हा हट्ट सोडला की गणित बदलतं. बाग वर्षभर नाजूक नसते.

आपल्याकडे होळीपासून सुरुवात करू. काठी गावची होळी पेटते त्या सुमारास हिवाळी भाज्या संपत आलेल्या असतात, विहिरी-झरे आटायला लागलेले असतात. एप्रिल-मे मध्ये बहुतेक वाफे रिकामे. तेव्हा कुंपणाचं दार उघडं टाका. वाफ्यांत पाचोळा, तुरीचा भुसा, शेणाचा चुरा पसरा आणि कोंबड्यांना आत जाऊ द्या. त्या पालापाचोळा बारीक करतात, तणाचं बी टिपतात, जमिनीतले कोष आणि अळ्या वर काढून खातात, जाता जाता खतही टाकतात. आपण कुदळीने जे करतो त्यातलं बरंच काम दीड-दोन महिन्यांत उरकतं. मातीत लोळून खड्डे पाडले तरी या दिवसांत बिघडत नाही.

मेअखेरीस दार बंद. जूनच्या पहिल्या पावसात वाळवीचे पंखवाले किडे झुंडीने बाहेर पडतात तेव्हा कोंबड्यांना अंगणातच मेजवानी मिळते, त्यांना बागेची आठवणही होत नाही. याच आठवड्यांत बी पडतं, आणि पुढचे सहा ते आठ आठवडे सगळ्यात नाजूक. या काळात कुंपण पक्कं हवं, दगड-काट्या-डालगी जागेवर हवीत.

पोळ्याच्या सुमारास वेल मांडवावर पोचलेले असतात. आता मांडवाखाली कोंबड्या आल्या तर हरकत नाही. त्या खालचं तण खातात, किडून गळलेली फळं अळीसकट संपवतात. फळमाशीने टोचलेलं कारलं किंवा दोडका खाली पडतो, आतली अळी मातीत उतरून कोष करते आणि नवी माशी तयार होते. पडलेलं फळ कोंबडीच्या पोटात गेलं की ती साखळी तिथेच तुटते. दिवाळीनंतर मेथी-पालक-लसणाचा हंगाम, पालेभाज्यांच्या वाफ्यांना पुन्हा दार बंद.

दिवसातही असंच कुंपण घालता येतं. दिवसभर बागेच्या बाहेर चरलेल्या कोंबड्यांना सूर्यास्ताआधी तास-पाऊण तास बागेत सोडा. त्या घाईघाईने किडे टिपतात, वेळ थोडा असल्याने फार नासधूस करत नाहीत, आणि अंधारू लागलं की हाकलावं न लागता खुराड्याकडे चालू पडतात. सकाळी सोडलेली कोंबडी मात्र दुपारपर्यंत तिथेच पाय चालवते.

लोळायला मात्र तिला हक्काची जागा द्या. वळचणीखाली किंवा आंब्याच्या बुंध्याशी, पाऊस लागणार नाही तिथे, हातभर रुंद खड्डा करून त्यात कोरडी माती आणि चुलीची राख मिसळा. राखेने उवाही कमी होतात. अशी जागा असली की ती वाफ्याचा नाद बऱ्यापैकी सोडते.

६. विष्ठा: ठेचा आणि भाकरी

कोंबडीची विष्ठा जोरकस खत आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. तीच ताजी विष्ठा टाकल्यावर मिरचीचं रोप का करपतं, हे मात्र कोड्यात टाकतं.

झाडाला हवं असलेलं नत्र, म्हणजे नायट्रोजन, कोंबडीच्या विष्ठेत शेणापेक्षा कितीतरी जास्त असतं. पक्षी लघवी वेगळी करत नाहीत. विष्ठेवरचा पांढरा भाग म्हणजे तीच, घट्ट झालेली. ती कुजताना अमोनिया सुटतो, नाकाला झोंबतो आणि कोवळ्या मुळांना भाजतो. ठेचा वाटीने खाता येत नाही, त्याला भाकरी लागते. विष्ठेची भाकरी म्हणजे सुका पाला, भुसा, तुराट्यांचा चुरा. ठोकताळा असा: एक टोपली विष्ठेला दोन-तीन टोपल्या सुका पाला, थर देऊन, पाणी शिंपडून. मुठीत दाबलं तर ओल जाणवावी, पाणी गळू नये. काही दिवसांत ढीग आतून तापतो, ५५ ते ६० अंशांपर्यंत. निवला की एकदा उलटापालट करायचा. दोन-तीन महिन्यांत काळं, मातीच्या वासाचं खत तयार होतं.

एक छोटा हिशेब करू. घरी आठ देशी कोंबड्या आहेत. दिवसा त्या कुठे काय टाकतात ते हाती लागत नाही, पण रात्री खुराड्यात एकीची साधारण ४० ग्रॅम ताजी विष्ठा पडते असं धरा. आठ जणींची ३२० ग्रॅम, महिन्याला साडेनऊ किलो. त्यात नत्र सव्वा टक्क्याच्या आसपास, म्हणजे १२० ग्रॅम. युरियात नत्र ४६ टक्के असतं. म्हणजे महिन्याला पाव किलोभर युरिया खुराड्यात पडतो, वर स्फुरद, पालाश आणि चुना वेगळा, जो युरियाच्या गोणीत नसतो. उघड्यावर उन्हात वाळवली तर यातलं पुष्कळसं नत्र हवेत उडून जातं. खुराड्याखाली आधीच पाचोळ्याचा जाड थर असला की ते अडकून राहतं आणि सकाळी खरवडायलाही सोपं जातं.

ताज्या विष्ठेत पोट बिघडवणारे जंतूही असतात. अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीच्या नियमानुसार न कुजवलेलं प्राण्यांचं खत टाकल्यावर, जमिनीला टेकणाऱ्या पिकाची काढणी किमान १२० दिवसांनी आणि इतर पिकांची ९० दिवसांनी करायची. घरच्या बागेत इतकं मोजत बसायचं नसेल, तर कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या कोथिंबीर, मुळा, कांदापात यांच्या वाफ्यात कोंबडी आणि ताजी विष्ठा दोन्ही नकोत. उन्हाळ्यात कोंबड्या फिरलेल्या वाफ्यात जूनमध्ये वेलभाजी किंवा वांगी घ्या, कोथिंबीर हिवाळ्यात.

७. किडींचा बंदोबस्त: किती खरा?

कोंबडी ठेवली की कीड जाते असं छातीठोकपणे सांगितलं जातं, ते अर्धंच बरोबर आहे. हुमणीच्या जाड अळ्या, नाकतोडे, वाळवी, पानं खाणाऱ्या मोठ्या अळ्या, गोगलगायी यांवर कोंबडी तुटून पडते. वाळवी तर लोक मुद्दाम गोळा करून पिल्लांना देतात. जुन्या मडक्यात ओलं शेण आणि काडीकचरा भरून ते वाळवीच्या जागी पालथं घातलं, की एक-दोन दिवसांत मडकं वाळवीने भरतं. पिल्लांना त्यातून फुकटात प्रथिनं मिळतात.

मिरचीवरचे फुलकिडे, मावा, कोळीकीड यांच्याकडे कोंबडी ढुंकूनही पाहत नाही. ते फार बारीक असतात आणि पानाच्या मागे बसतात. उलट मित्रकीटक आणि मित्र प्राणी तिला ओळखता येत नाहीत. गांडूळ, कोळीष्टकं विणणारे कोळी, बेडकाची पिल्लं, सगळं एकाच चोचीने जातं. गांडूळखताचा वाफा असेल तर त्यावर जाळी अनिवार्य आहे. एका सकाळी तिथे चार कोंबड्या शिरल्या तर वाफ्यात गांडूळ उरत नाही.

८. किती कोंबड्या, आणि शेजारी

पाड्यावर घराभोवती स्वतःचं शेत असतं, त्यामुळे दहा-पंधरा कोंबड्या दिवसभर पांगतात आणि कुठल्याच एका जागी फार भार पडत नाही. शहादा-तळोद्याच्या सपाटीवरच्या गावात घराला घर लागून असतं. तिथे गुंठाभर परसात चार-पाचच्या वर कोंबड्या झाल्या की महिन्याभरात जमीन टणक आणि उघडी पडते, शिवाय त्या शेजारणीच्या वाफ्यात शिरतात आणि भांडण आपल्या दारात येतं. वनराजासारखी सुधारित जात अंगाने भारी, उडते कमी पण खाते जास्त. त्या पाळणार असाल तर संख्या आणखी कमी ठेवा.

मोकळ्या कोंबड्यांवर बोलताना आपल्या जिल्ह्यातलं नवापूर वगळता येत नाही. देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा तिथेच सापडला. १८ फेब्रुवारी २००६ रोजी तिथल्या पोल्ट्रीतल्या मरतुकीमागे एच५एन१ विषाणू असल्याचं जाहीर झालं. लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. त्यात पोल्ट्रीबरोबर आजूबाजूच्या गावांतल्या परसातल्या कोंबड्याही गेल्या. २०२१ च्या फेब्रुवारीत तिथे पुन्हा तेच झालं. परसातल्या माणसाने यातून तीन गोष्टी पाळाव्यात. पाण्याचं भांडं छपराखाली ठेवावं, रानपक्षी त्यात बसणार नाहीत असं. पोल्ट्रीवरून आणलेलं कच्चं खत कोंबड्यांच्या वाटेत ढीग करून ठेवू नये, ते झाकून कुजवावं. आणि एकाएकी दोन-तीन कोंबड्या मेल्या तर त्या शिजवू नयेत, उकिरड्यावर टाकू नयेत; पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावं.

रोजचा शत्रू मात्र बर्ड फ्लू नाही, राणीखेत आहे. लोक त्याला मानमोडीही म्हणतात. तो पाड्यात शिरला की आठवड्यात अंगणं रिकामी होतात. पिल्लं पाच-सात दिवसांची असताना लासोटा लसीचा थेंब आणि सहा ते आठ आठवड्यांनी आर-टू-बी लस, एवढ्याने तो बराचसा रोखता येतो. अडचण लशीची नसते, कुपीची असते. कुपी शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची येते, बर्फात आणावी लागते आणि एकदा फोडली की दोनेक तासांत संपवावी लागते. आठ कोंबड्यांसाठी ती कोणी फोडत नाही. दहा-बारा घरांनी मिळून दिवस ठरवायचा, आणि वेळ भल्या पहाटेची ठेवायची, खुराड्यांची दारं उघडण्याआधीची.